आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत

दोन शब्द? दोन शब्द बोला म्हणताय? अहो, माझा एकच शब्द होता हो! एकच! आणि तोच कापला त्यांनी! आणि वर तुम्ही मला इथे स्टेजवर ओढता, हातात माइक देता, आणि अनाउन्समेंट काय करता, तर म्हणे, "ज्यांची ती सुप्रसिद्ध विमानाची जाहिरात आहे ते आपल्या मंडळाचे परीक्षित आता दोन शब्द बोलतील!" सुप्रसिद्ध! हसा, हसा... मागच्या रांगेत वडा खाता खाता हसताय ते जरा जपून, ठसका लागेल. मघाशी पार्किंग लॉटमध्ये एका सद्गृहस्थांनी, नाव घेत नाही, समोरच बसलेत, माझ्याशेजारी गाडी थांबवली, काच खाली केली, मला वाटलं नमस्कार करतायत, तर मान बाहेर काढून म्हणाले, "आई, जातो!" आणि गेले भुर्रकन! चांगली चेष्टा लावलीय माझी.

तर एकदाच सांगतो, नीट ऐका. ती जाहिरात माझी आहे, आणि ती जाहिरात माझी नाहीये. ज्यांनी पाहिली नसेल, म्हणजे डॅलस-अर्विंगमध्ये असं कोण उरलंय म्हणा, फोनवर साबुदाणा वड्याची रेसिपी लावली की आधी हीच येते आणि स्किपसुद्धा करता येत नाही! दारात एक मुलगा, पाठीवर सॅक, हातात बॅग. म्हणतो, "आई, जातो." आई त्याच्याकडे बघते, अशी, डोळे वटारून... आणि धाडकन विमान! ढगात! संपलं! खाली कंपनीचं नाव, जे मी घेणार नाही कारण माझी सही आहे कागदावर. अहो, विमान कंपनीची जाहिरात, आणि पोरगं दारातून म्हणतंय जातो, आणि लगेच विमान ढगात! शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली! आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत! हे मला माहीत नाही? मला? जो माणूस हे ऐकत ऐकत लहानाचा मोठा झाला त्याला?

अहो, माझी आई सांगलीची. आमच्या घरी शाळेत जाताना पोरगं चुकून "जातो" म्हणालं ना, की ती पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर यायची. "जातो नाही रे म्हणायचं! येतो म्हण!" मी म्हणायचो, अगं, गणिताचा पेपर आहे, उशीर झालाय! "होऊ दे. येतो म्हण." पोळी जळायची, पण पोरगं येतो म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचं नाही. आणि मी अमेरिकेला निघालो तेव्हा तर कहर. एअरपोर्टवर आत शिरलो, पासपोर्ट दाखवला, घाईघाईत मागे वळून ओरडलो, "आई, जातो गं!" झालं! ती काचेपलीकडून हात हलवायला लागली. मला वाटलं टाटा करतेय. मी पण टाटा. ती आणखी जोरात. मी आणखी जोरात. मग बघतो तर ती त्या बंदूकवाल्या जवानाशी भांडतेय! तो म्हणतोय, "माताजी, अंदर नहीं जा सकते," आणि ही म्हणतेय, "मैं नहीं आती, उसको बाहर भेजो, वो गलत बोल के गया है!" गलत बोल के गया है! मला बोलावलं हो त्याने परत. सगळी रांग बघतेय, मी ट्रॉली घेऊन उलटा चालत दारापाशी आलो, आणि म्हणालो, "येतो." तेव्हा कुठे तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "हं. आता जा."

हीच माझी जाहिरात होती. हीच! अक्षरशः!

तुम्हाला सांगतो, तुम्ही सगळे आयटीवाले, तुमचं बरं असतं. कोड चालतो किंवा चालत नाही. आमच्या धंद्यात चालतोय की नाही हे फीलिंगवर ठरतं, आणि फीलिंग बॉसचं असतं. पुण्यात असताना मी मराठी जाहिराती लिहायचो. मग आसावरीला, माझ्या बायकोला, इकडे नोकरी लागली, तिच्यामागून मी आलो, आणि इथल्या एजन्सीत चिकटलो. तिथे माझं नाव पॅरी. परीक्षित म्हणायला जिभेला त्रास होतो म्हणे. पॅरी तर पॅरी! आणि पॅरी इतकी वर्षं काय लिहितोय? गाद्या. गटर साफ करणारी कंपनी. कुत्र्याची बिस्किटं. त्या बिस्किटांच्या पाकिटावर जे 'हूज अ गुड बॉय?' लिहिलंय ना, ते मी. आई दर रविवारी फोनवर विचारते, "तू नक्की करतोस काय रे?" मी म्हटलं, जाहिराती लिहितो. "म्हणजे काय लिहितोस?" आता काय सांगणार? सांगितलं बिस्किटाचं. ती म्हणाली, "एवढं शिकून कुत्र्याला शाबास म्हणतोस?"

आणि कल्चर! अरे बाप रे, आमच्या ऑफिसात कल्चर केवढं! बसायला खुर्ची नाही, बीनबॅग. पाण्याऐवजी नळाला कोम्बुचा, म्हणजे आंबवलेला चहा. पिंगपाँगचं टेबल, त्याच्यावर झोपलेला कुणाचा तरी कुत्रा. भिंतीवर निऑनमध्ये 'फेल ब्रेव्हली'. मी आसावरीला म्हटलं, आमच्याकडे कल्चर फार. ती म्हणाली, कल्चर म्हणजे विरजण ना रे, दह्याच्या डब्यावर लिहिलेलं असतं? मी म्हटलं हो, तेच. माझ्या प्रत्येक कामावर पडतं ते.

माझी बॉस, केल्सी. क्रिएटिव्ह डायरेक्टर. स्वभावाने गोड हो, अगदी गुळाचा खडा. पण तुम्हाला एक सांगून ठेवतो, इथे कुणी तुमच्या कामाला "आय लव्ह इट" म्हणालं ना, तर समजायचं, जगलं. आणि "आय लव्ह इट सोऽऽ मच" म्हणालं, तर आटोपलं. चार खांदेकरी बोलवा.

तर ही विमान कंपनी आली. भारतात थेट फ्लाइट सुरू करणार, आणि ॲड काढणार आपापल्या भाषेत. तेलुगूत, तमिळमध्ये, गुजरातीत... आणि मराठीत! केल्सी बीनबॅगमधून उठायचा प्रयत्न करत म्हणाली, "पॅरी, यू स्पीक दॅट, राइट?" अहो, मला काय झालं सांगू? इतकी वर्षं कुत्र्यांना शाबासकी देणारा माणूस मी, मला म्हणतायत मराठीत लिही! मी त्याच दिवशी आईला फोन केला. म्हटलं, आई, आता मराठीत करतोय. तुला कळेल अशी. ती म्हणाली, "खरंच? मग मी शैलाला सांगते." शैला म्हणजे शेजारच्या शैलामावशी. आणि शैलामावशींना सांगणं म्हणजे काय, तर सांगलीच्या अख्ख्या विश्रामबागेत दवंडी!

मी लिहिली. तीस सेकंदांची. दारात मुलगा. "आई, जातो." आई डोळे वटारते. काही बोलत नाही, नुसती दाराच्या चौकटीवर हात ठेवते. मुलगा थबकतो, बॅग खाली ठेवतो, उलट्या पावली परत येतो, आणि म्हणतो, "येतो." आई हसते. मग विमान. बस्स. एक शब्द! केल्सीला वाचून दाखवली. तिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "आय लव्ह इट." मी वाट बघतोय, पुढचं 'सो मच' येतं की काय... नाही आलं! जगली! मी बाथरूममध्ये जाऊन नाचलो.

मग क्लायंट मीटिंग. विमान कंपनीचा ग्रेग. उंच, गोरा, हातात मार्कर. मार्करवाल्या माणसाला मी घाबरतो. म्हणाला, "हेल्प मी अंडरस्टँड. ही इज लीव्हिंग?" येस. "बट ही सेज, आय ॲम कमिंग?" येस. "बट ही इज लीव्हिंग." येस! तो उठला, बोर्डावर एक घर काढलं, एक विमान काढलं, घराकडून विमानाकडे बाण काढला. मग उलटा बाण काढला. मग दोन्ही बाणांकडे बघत राहिला. म्हणाला, "आवर कस्टमर विल बी कन्फ्यूज्ड. व्हिच वे इज द फ्लाइट गोइंग?" मी म्हटलं, अहो, आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत! जातो म्हणजे... कायमचं जातो. गेला म्हणजे गेला. म्हणून जाताना येतो म्हणायचं. पूर्ण म्हणायचं तर 'जाऊन येतो', गो अँड कम. त्याचा चेहरा असा फुलला म्हणता! "ओऽऽह! सो इट्स अ राउंड ट्रिप!" आणि मार्करने बोर्डावर गोल काढला. माझ्या आईच्या तोंडच्या शब्दाचं त्याने रिटर्न तिकीट केलं.

एवढ्यावर थांबेल तर तो क्लायंट कसला? मग त्यांची वकील बाई आली स्क्रीनवर. ती म्हणाली, "आय विल कम, हे प्रॉमिस आहे. कंपनी परत येण्याची गॅरंटी देऊ शकत नाही." मी म्हटलं, बाई गं, विमान कंपनी तू! तूच नाही द्यायची तर कुणी द्यायची? ती म्हणाली, शब्द ठेवा, पण शब्दाला ॲस्टरिस्क लावा. चांदणी! 'येतो' आणि वर चांदणी, आणि खाली बारीक अक्षरात, हवामान, संप आणि इतर कारणांस अधीन. अहो, माझ्या आईने त्या एअरपोर्टच्या दारात मला सांगितलं असतं का, "बाळा, येतो म्हण, हवामानास अधीन राहून"?

मी हट्टाला पेटलो. नाही म्हणजे नाही, चांदणी नाही! तेव्हा केल्सी म्हणाली, लेट्स गेट अ सेकंड ओपिनियन. आणि तिने बोलावलं वीरला. आमच्याकडे नवीन लागलेला, आपला मराठीच, पण जन्म इथला. गोड पोरगा हो. मला आल्या दिवसापासून काका म्हणतो, ऑफिसात, सगळ्यांसमोर, "व्हॉट्स अप, काका!" आता केल्सीलाही वाटतं काका हे माझं मधलं नाव आहे. तर त्याला विचारलं, येतो म्हणजे काय? त्याने रविवारच्या मराठी शाळेत शिकल्याप्रमाणे सांगितलं, "इट लिटरली मीन्स, आय कम." मी म्हटलं, वीर, अरे, तुझी आजी घरातून निघताना काय म्हणते? तो विचारात पडला. "येते म्हणते... येस, शी डझ! ऑलवेज! बट काका, आय थॉट शी वॉज जस्ट कन्फ्यूज्ड अबाउट व्हेअर शी वॉज गोइंग." म्हणजे इतकी वर्षं त्या लेकराला वाटतंय, आजीला दिशाच कळत नाही! बरं, रागावणार कुणावर? आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत, हे आपण तरी त्यांना कधी नीट बसून सांगितलं?

शेवटी ठरलं, लोकांना विचारू. फोकस ग्रुप! म्हणजे काय, एका खोलीत गिऱ्हाइकांना बसवायचं, समोसे द्यायचे, आणि आपण काचेमागून चोरासारखं बघायचं. आणि कुणाला बसवलं होतं माहितीये? नंदाकाकू, हसू नका, तुम्हीच होतात! ह्या आपल्या नंदाकाकू आणि त्यांचं अख्खं भजनी मंडळ. काचेमागे ग्रेग, केल्सी, वकील बाई आणि मी. आत ती मॉडरेटर मुलगी विचारतेय, "हाउ डझ द वर्ड मेक यू फील?" आणि काकू काय म्हणाल्या? "फील काय व्हायचंय? समोसा गार आहे." मी कपाळाला हात लावला. तास गेला, ह्या बायका समोशावर आणि चटणीवर आणि मॉडरेटरच्या लग्नावर बोलतायत. मुलगी बिचारी घामाघूम. शेवटी म्हणाली, थँक यू, लेडीज, यू कॅन गो नाऊ.

आणि मग, तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला माझ्या. काकू उठल्या, पर्स घेतली, त्या मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "येते हं." ती म्हणाली, "ओह, नो, यू डोन्ट नीड टू कम बॅक!" मागून दुसरी आली, "येते गं बाळा." "नो, मॅम, वुई आर डन!" तिसरी, "चला, येते मी." एकेक करून सगळ्या! प्रत्येक बाई दारात वळते, येते म्हणते, आणि निघून जाते, आणि ती मुलगी रडकुंडीला येऊन काचेकडे बघून म्हणतेय, "दे आर ऑल कमिंग बॅक!" आणि ग्रेग... काचेमागे ग्रेगच्या हातातला मार्कर खाली पडला. म्हणाला, "दे ऑल सेड इट." मी म्हटलं, येस, ग्रेग. आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत. "नोबडी टोल्ड देम टू." नो, ग्रेग. कुणी सांगितलं नाही. झालं! पास! चांदणीसकट वकील बाई गेली, आणि शब्द राहिला! काकू, तुमचे पाय धरायला हवे होते मी तेव्हा.

मग काय विचारता! ऑफिसात येतोची साथ आली. येट्टो! सगळे म्हणतायत येट्टो! टी-शर्ट छापले, 'येट्टो'. कॉन्फरन्स रूमचं नाव आधी 'डिस्रप्ट' होतं, ते काढून 'येट्टो' केलं. घरी जाताना जो तो दारात थांबून छातीवर हात ठेवून, मान वाकवून, "येट्टो, गाइज." केल्सी तर म्हणाली, हा शब्द आता आपलं कल्चर आहे. कुणीही गुडबाय म्हणायचं नाही, कारण वुई ऑलवेज कम बॅक टू ईच अदर. मला हसू येत होतं आणि खरं सांगू, अभिमानही वाटत होता. सांगलीच्या माझ्या आईचा शब्द, टेक्सासमधली माणसं म्हणतायत! शूटिंग झालं. सुंदर झालं. त्या नटीने चौकटीवर असा काही हात ठेवला, मी मॉनिटरसमोर लहान मुलासारखा रडलो. आईला फोन केला, म्हटलं, येत्या आठवड्यात येईल फोनवर. तिने शैलामावशींना सांगितलं. शैलामावशींनी गच्चीवर सगळ्यांना बोलावलं. कॉफी, चिवडा, सगळा थाट.

आणि इथे... इथे आला तो कटडाउन.

आता ही काय भानगड आहे ते सांगतो. आजकाल तीस सेकंद कुणी बघत नाही. म्हणून तीसची पंधरा करतात, पंधराची सहा करतात. सहा सेकंदांची असली की स्किप करता येत नाही, म्हणून क्लायंटला तीच आवडते. करतं कोण? दुसऱ्याच डिपार्टमेंटमधलं कुणीतरी, ज्याला मराठीचा ओ की ठो कळत नाही. तो करतो काय? पहिले सहा सेकंद घेतो! पहिल्या सहा सेकंदांत काय होतं? "आई, जातो." आईचे डोळे. आणि शेवटी विमान तर हवंच, कारण पैसे विमानवाल्याचे! बॅग खाली ठेवणं, कट. उलट्या पावली येणं, कट. येतो, कट! ढग, राहिले! मी विचारलं त्याला नंतर, अरे बाबा, असं का केलंस? तो म्हणाला, "बट द वर्ड इज इन देअर, मॅन. ही सेज द थिंग ॲट द डोअर." त्याला वाटलं तोच येट्टो! अहो, अंगात येट्टोचा टी-शर्ट घातला होता त्याने हे बोलताना! आणि तीसची पूर्ण जाहिरात? ती कुठे लागली? कुठेच नाही. वेबसाइटवर आहे म्हणे, तळाला, करिअर्सच्या खाली.

तिकडे सांगलीत शैलामावशींच्या गच्चीवर सगळे चिवड्याच्या बश्या घेऊन बसलेले. कुणाच्या तरी भाच्याने व्हिडिओ लावला. "आई, जातो." विमान. ढग. संपलं. सगळे वाट बघतायत, पुढे काय? पुढे साबुदाणा वडा!

आईचा फोन आला. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं हो. ती हळूच म्हणाली, "तू बरा आहेस ना रे?" मी म्हटलं, हो. "मग असं का लिहिलंस?" मी म्हटलं, आई, अगं, मी येतो लिहिलं होतं. शपथ घेऊन सांगतो, येतो होतं त्यात. ती म्हणाली, "मग कुठे आहे?" मी म्हटलं, एडिटमध्ये गेलं. "कुणी नेलं?" आणि मग ती म्हणाली, "शैला म्हणत होती, तिकडे राहून विसरतात पोरं. मी म्हटलं, माझा नाही विसरायचा." आणि ठेवला फोन. संताप, संताप झाला माझा! इतकी वर्षं ती विचारतेय तू करतोस काय, आणि ज्या दिवशी तिला कळायचं, त्या दिवशी तिला हे कळलं, की मी तिचं एवढंसं बोलणंही लक्षात ठेवलं नाही!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर फुगे! फुगे लावलेत! केल्सी धावत आली, "पॅरी! इट्स द मोस्ट शेअर्ड स्पॉट वुई हॅव एव्हर मेड!" शेअर होणारच! जगातल्या यच्चयावत मराठी माणसाने एकमेकांना पाठवलीय, खाली शिव्या लिहून! पार तिकडच्या पार्सिपनी गावाहून एकाने लिहिलं, ह्या विमानात मी फुकटसुद्धा बसणार नाही. आणि केल्सी मला वाचून काय दाखवतेय, तर "सच पॅशन!" अहो, पॅशन नाही ते, बाई, ते माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत! म्हणाली, अवॉर्डला पाठवायचीय. सहा सेकंदांची. मी म्हटलं, आणि तीसची? ती म्हणाली, "ओह, आय लव्ह दॅट वन सोऽऽ मच."

बस्स. ठरवलं. सोडायची नोकरी. आसावरीला फोन केला, म्हटलं, सोडतोय. ती म्हणाली, सोड, माझी नोकरी आहे, पण भांडू नकोस, शांतपणे बोल. कसलं शांतपणे! मी थेट त्या येट्टो रूममध्ये घुसलो, केल्सीला म्हटलं, बस. ती बीनबॅगमध्ये बसली. मी बोललो हो! इतकी वर्षं साठलेलं सगळं बोललो! म्हटलं, तुम्हाला आमचं कल्चर टी-शर्टवर हवं, जाहिरातीत नको. म्हटलं, अख्ख्या जाहिरातीत एक शब्द होता, तेवढा तुम्ही कापला आणि विमान ठेवलंत. म्हटलं, माझ्या आईला वाटलं मी विसरलो. ती ऐकत होती, मान हलवत होती, "आय हिअर यू, पॅरी, आय हिअर यू." म्हटलं, नाही, यू डोन्ट हिअर मी, आणि म्हणून आय ॲम डन! आय क्विट! आणि वळलो.

आणि दारापाशी जाईपर्यंत मी मनाशी ठरवलं होतं, आज म्हणायचं. जन्मात एकदा, मुद्दाम, ठणकावून, चौकटीत उभं राहून, मराठीत म्हणायचं, जातो! कायमचा जातो! तुमची जाहिरात तुम्हाला साभार परत! दाराला हात घातला. वळलो. छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं... आणि डोळ्यांसमोर ती काच, ती ट्रॉली, तो बंदूकवाला, आणि पलीकडे आई, "वो गलत बोल के गया है!" ... आणि जीभ, ही जीभ, सांगलीची जीभ, मेली माझं काही ऐकेचना!

म्हणालो, "येतो."

केल्सी ताडकन उठली! त्या बीनबॅगमधून आजवर कुणी पहिल्या झटक्यात उठलेलं मी पाहिलं नव्हतं, ही उठली! "ओह माय गॉड! यू सेड येट्टो!" माझ्या गळ्यात पडली, रडायला लागली, बाहेरच्यांना ओरडून सांगितलं, "ही सेड येट्टो! ही इज कमिंग बॅक!" सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले, वीर ओरडतोय, "येस, काका!", पिंगपाँगच्या टेबलावरचा कुत्रा भुंकायला लागला, आणि मी सांगतोय, नो, नो, इट्स जस्ट अ वर्ड... पण सांगणार कुणाला? ह्याचा अर्थ त्यांना महिनाभर घसा फोडून शिकवला कुणी? मीच ना!

आईला सांगितलं संध्याकाळी, तिची सकाळ होती. सगळं सांगितलं, दारापासून दारापर्यंत. ती जी हसायला लागली, हसता हसता तिला खोकला आला. शैलामावशींना हाक मारून सांगितलं तिने, "अगं शैला, नाही विसरला!" मी म्हटलं, आई, ते ठीक आहे, पण आता नोकरीचं काय करू? सोडून तर आलोय. ती म्हणाली, "येतो म्हणून आलास ना? मग जायला नको?"

सोमवारी गेलो. काय करता? कुत्र्यांचंच काम होतं, च्युइंगम आलंय त्यांचं. लिहितोय. आणि तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं ह्या धंद्यात आहे, इतके शब्द लिहिले, प्रत्येक कापला, बदलला, टेस्ट केला, प्रत्येकाला चांदणी लावली. ह्या माणसांनी माझा फक्त एक शब्द, जसाच्या तसा, एका फटक्यात, वकिलाला न विचारता मंजूर केला हो... आणि तो नेमका राजीनाम्यातला!